पांढरी पाच : आईसाठी गिटार जुळवतानाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

भजनी मंडळात पेटी धरणाऱ्या काकू लेकाकडे बेंगळुरूला कायमच्या राहायला गेल्या. आईचा तंबोरा घर बदलताना भोपळ्याला तडा गेल्यापासून कपाटावर पडून आहे. मोबाइलवरचा तंबोरा मंडळातल्या बायकांना रुचत नाही. त्याचा सूर बरोबर असतो, पण गाणारी दमली काय किंवा रंगली काय, त्याला पत्ता नसतो. काल जेवताना आई म्हणाली, "अगं, तुझी गिटार नुसती भिंतीला टेकून असते. तिच्यावर मला सूर धरून देशील का?"

आजपासून ते काम हाती घेतलं. आई पूर्वी पेटीच्या काळी चारमध्ये गायची, आता सत्तरीच्या जवळ आल्यावर पांढरी पाचवर उतरली आहे. म्हणजे तिचा षड्ज गिटारच्या भाषेत 'जी'. गिटार नेहमीसारखी लावलेली होती: ई, ए, डी, जी, बी, ई. तिने भूप रागातली एक भूपाळी घेतली आणि मी कॉलेजपासून धरत आले तसे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, धरले. दुसऱ्या ओळीत आई थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच जागी थांबली. "तू तिथे काय करतेस? पायाखालून काहीतरी सरकतं माझ्या."

मी तिथे 'सी'च्या कॉर्डवर जात होते. 'सी' म्हणजे तिचा शुद्ध मध्यम, आणि भूपात मध्यम नाहीच. कॉर्ड बदलणं या कामाला लागू नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. तिला आधार हवा आहे, तोही जागचा न हलणारा.

रात्री मोकळ्या तारांचे सूर 'जी'ला षड्ज मानून मांडले: ध, रे, प, सा, ग, ध. सहाच्या सहा तारा भूपाच्याच सुरांच्या निघाल्या, याचं आश्चर्य वाटलं. तरी त्या नुसत्या छेडल्यावर भूप उभा राहत नाही. सगळ्यात जाड तारेवर धैवत बसला आहे, म्हणून सगळं वजन धैवतावर जातं, आणि षड्ज एकटाच मध्ये अडकलेला. तारा बदलून लावल्याशिवाय इलाज नाही.

११ जानेवारी

ओपन जी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की 'जी'चा कॉर्ड वाजेल अशी जुळवणी. सहावी 'ई'वरून 'डी'वर, पाचवी 'ए'वरून 'जी'वर, पहिली 'ई'वरून 'डी'वर उतरवली. मधल्या तीन तारांना हात लावावा लागत नाही. आईच्या सुरात वाचलं तर: प, सा, प, सा, ग, प. दोन षड्ज, तीन पंचम. पहिल्याच छेडीला आईने मान वर केली.

ही जुळवणी हवाई बेटांवर फार जुनी आहे. १८३०च्या दशकात गुरं वळायला मेक्सिकोकडून गुराखी तिथे नेले गेले, त्यांच्याबरोबर गिटार पोचली. बेटावरच्या लोकांनी आपल्या गाण्याला सोयीच्या होतील अशा तारा सैल केल्या. त्या वाजवण्याला ते 'की होआलु' म्हणतात, अर्थ साधा आहे: खुंटी सैल करणं. याच ओपन जीचं तिकडचं नाव 'टॅरो पॅच'. टॅरो म्हणजे आपला अळू. अळूच्या वाफ्याचं नाव तारांच्या जुळवणीला देणाऱ्या माणसांबद्दल मला आपलेपणा वाटला.

तारेच्या ताणाचा हिशेबही मांडून ठेवते, पुढे लागेल. लांबी आणि जाडी तीच असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. तार एक पूर्ण सूर उतरवली की ताण साधारण ७९ टक्के उरतो, अर्धा सूर चढवली की १२ टक्के वाढतो. माझ्या गिटारवर तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आणि पहिली तार १२ नंबरची, म्हणजे ०.०१२ इंच जाडीची. ती 'ई'वर सुमारे १०.६ किलोच्या ताणाने ओढलेली असते, 'डी'वर ८.४.

आणखी एक शिकले. तीन तारा सैल केल्यावर गिटारच्या मानेवरचा एकूण ताण कमी होतो, मान किंचित मागे जाते आणि ज्यांना हातही लावला नाही त्या तारा चढतात. त्यामुळे जुळवणी एका फेरीत होत नाही. तीन फेऱ्या लागल्या, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून.

१९ जानेवारी

आठवडाभर रोज अर्धा तास बसलो. आई खूश आहे, पण गंधारावर आली की आवाज आखडता घेते. आज विचारलंच. म्हणाली, "तुझा गंधार चढा आहे. मी खाली ठेवते, तुझी तार मला वर ओढते."

ट्यूनर तर हिरवा दिवा दाखवत होता. मग कान लावून तपासलं. पाचव्या तारेवर चौथ्या पडद्यापाशी बोट नुसतं टेकवून सोडलं की पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनसंख्येचा सूर मिळतो, तो स्वयंभू गंधार. दुसऱ्या तारेवर बाराव्या पडद्याशी तसंच केलं की तिच्या वरच्या सप्तकातला सूर मिळतो. दोन सूर किंचित वेगळे असले की एकत्र वाजताना आवाज हेलकावतो. दोन्ही एकत्र सोडले आणि ते हेलकावे मोजले. वँव, वँव, वँव, वँव: सेकंदाला जवळजवळ चार.

कागदावरही तेच येतं. पाचवी तार ९८ हर्ट्झवर आहे, तिच्या पाचपट ४९०. दुसऱ्या तारेचा वरचा 'बी' ४९३.९. फरक ३.९. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर गिटारच्या पडद्यांचा गंधार ४०० सेंटवर बसतो आणि षड्जाच्या पोटातून येणारा ३८६ वर. चौदा सेंट ऐकायला किरकोळ वाटतात, पण भूपाच्या गंधारावर थांबून राहणाऱ्या गळ्याला ते सोसत नाहीत. पंचमाचं तसं नाही. तो ७०२ ऐवजी ७०० वर असतो. पाचव्या तारेचा तिसरा उपस्वर आणि पहिली तार एकत्र वाजवल्या तर तीन सेकंदांत एक संथ हेलकावा येतो, तोही कानाने जुळवून घालवता येतो.

मग मला प्रश्न पडला. पेटीचा गंधारही इतकाच चढा असतो. आई पंधरा वर्षं काकूंच्या पेटीवर गायली, तेव्हा कशी काही बोलली नाही? विचारलं तर म्हणाली, "काकू गंधारावर बोट ठेवून बसत नसत. मी तिथे आले की त्या बोट उचलायच्या. नुसते सा आणि प धरून ठेवायच्या."

काकूंना मी पंधरा वर्षं पेटी वाजवताना पाहिलं आहे, आणि हे कधीच लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना फोन केला. त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. "गाणारीची जागा तिला द्यायची गं," एवढं बोलून त्या नातवाच्या शाळेकडे वळल्या.

२६ जानेवारी

दुसरी तार चौदा सेंट उतरवून पाहिली. पाचव्या तारेच्या उपस्वराशी मिळवली, हेलकावे थांबेपर्यंत. मोकळी वाजवली तर फारच गोड. आईने गंधार लावला आणि दोघांचे आवाज वेगळे ओळखू येईनात.

पण पडदे जागचे हलत नाहीत. त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून पंचम घेतला तर तो चौदा सेंट उतरा, आणि शेजारी पहिली तार मोकळी पंचम बोलते आहे. दोघी एकमेकींना धरून राहीनात. शिवाय मंडळाच्या अर्ध्या चिजा भीमपलासातल्या. तिथे कोमल गंधार लागतो, आणि माझी तार शुद्ध गंधार ठणकावत बसणार.

गिटार मांडीवर आडवी ठेवून सळईने वाजवणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण त्यांना पडद्यांचं बंधनच नसतं. ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीतासाठी गिटार हातात घेतली ती याच वाटेने. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या सोबतीला त्यांची गिटार ऐकलेल्या कोणालाही ती मींड विसरता येत नाही. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफांच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा केली. ते सगळं फार मोठं आहे. मला आईच्या शेजारी बसून मागे राहायचं आहे, म्हणून सळई घेतली नाही.

ठरलं: गंधाराची तारच नको.

९ फेब्रुवारी

डॅडगॅड. डी, ए, डी, जी, ए, डी. नाव सुरांच्या अक्षरांवरूनच पडलं आहे. डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती रूढ केली. मोरोक्कोत ऊद हे अरबी तंतुवाद्य ऐकल्यावर त्या संगीताबरोबर वाजवता यावं म्हणून तो या जुळवणीकडे वळला. पिएर बेनसुसाँ तर सगळं वादन याच जुळवणीत करतो. 'डी'ला षड्ज मानलं तर सा, प, सा, म, प, सा. गंधार कुठेच नाही, कोमलही नाही आणि शुद्धही नाही. कुणाची तरी अडचण साठ वर्षांपूर्वी माझ्यासारखीच होती आणि त्याने तीच तार काढून टाकली होती, हे समजल्यावर हुरूप आला.

आईच्या पांढरी पाचसाठी पाचव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला. मग सूर असे मिळतात: खर्जाचा सा, प, मधला सा, म, प, वरचा सा. बायकांच्या तंबोऱ्यात लागतात ते सगळे सूर आहेत. कागदावर अगदी चोख.

प्रत्यक्षात दोन गोष्टी खटकल्या. कॅपो लावला की तारा दाबल्या जाऊन चढतात, जाड तारा जास्त, म्हणून कॅपो लावल्यावर पुन्हा जुळवावं लागतं. आणि पाचव्या पडद्यानंतर तारेची लांबी पाऊणच उरते, आवाजातला भरीवपणा जातो. आई म्हणाली, "आता ही मॅंडोलिनसारखी वाजते."

भूपाच्या वेळी मध्यमाची तारही चुकवावी लागते. बोट चुकलं की मध्यम बोलतो.

२३ फेब्रुवारी

पहिली तार तुटली. चूक माझीच, वर्षभर बदलली नव्हती, खुंटीपाशी गंज दिसत होता. बाकी काही काम नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

मिरजेहून मामा आला. जेवणं उरकून रात्री बैठक बसली. मामाचा सूर पांढरी दोन, म्हणजे 'डी'. डॅडगॅड त्याच्यासाठी कॅपोशिवायच तयार. पण त्याने मालकंस काढला.

मालकंसात पंचम नाही. तंबोऱ्यावरसुद्धा पंचमाची तार मध्यमात घेतात. माझ्याकडे 'ए'च्या दोन तारा, दोन्ही पंचमाच्या. न छेडताही त्या बोलत होत्या, कारण षड्जाच्या तारेत तिसरा उपस्वर पंचमाचाच असतो आणि तो त्यांना जागं करतो. मामाने हात वर करून थांबवलं. "पंचम घालव बघू आधी."

पाचवी 'ए'वरून 'जी'वर उतरवली, मध्यम मिळाला. दुसऱ्या तारेचं काय करायचं? ती नेहमीच्या 'बी'वरून 'जी'पर्यंत खाली आणली तर ताण ६३ टक्केच राहतो आणि तार लोंबकळते. म्हणून वर नेली, 'सी'वर. तो मामाचा कोमल निषाद. षड्जावरून न जुळवता मध्यमावरून जुळवला: तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याचा उपस्वर, दुसऱ्या तारेवर सातव्या पडद्याचा, दोन्ही एक होईपर्यंत.

झालं असं: डी, जी, डी, जी, सी, डी. सा, म, सा, म, नि, सा. मामा तास-सव्वातास गायला. मी चार तारा एकामागून एक छेडत राहिले आणि मध्येच निषाद हळूच सोडत होते. खोलीत दिवा एकच होता. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा मला आपण गिटार वाजवतो आहोत असं वाटलं नाही, आपण तिथे बसून ऐकतो आहोत असं वाटत होतं.

३१ मार्च

आजची नोंद सविस्तर करायची आहे.

रात्रीनंतर गिटार कोणी हलवली नव्हती. सकाळी चहा ठेवता ठेवता आईने जाता जाता तारांवरून हात फिरवला, आणि तशीच उभ्याने तिने षड्ज लावला. पांढरी पाच. भीमपलासातल्या अभंगाची ओळ सुरू केली. मी धावत येऊन गिटार उचलली आणि नवीन काहीही न जुळवता वाजवायला लागले. सगळं बसलं.

मामाला 'डी' हा षड्ज होता. आईने 'जी'ला षड्ज मानलं. तारा त्याच सहा. मामासाठी त्या सा, म, सा, म, नि, सा होत्या, आईसाठी त्याच तारा प, सा, प, सा, म, प झाल्या. कॅपो नको, लांबी पूर्ण, पाचवी तार खर्जाचा षड्ज, तिसरी मधला षड्ज, खाली भक्कम पंचम. भीमपलासात ज्या मध्यमाला मान आहे तो दुसऱ्या तारेवर. गंधार नाही.

मामा अंघोळीहून आला तो दारातच थांबला. "षड्ज हलवलास होय गं ताई," एवढंच म्हणाला.

षड्ज हलवून तेच सूर नव्या नजरेने पाहायचे, ही मूर्च्छनेची कल्पना नाट्यशास्त्राइतकी जुनी आहे. शाळेत गाण्याच्या तासाला पाठ केलं होतं, की भूपाचा गंधार षड्ज मानला तर मालकंस मिळतो. तेव्हा तो परीक्षेतला प्रश्न होता. आज आईने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते करून दाखवलं, आणि तिला ते नाव घेऊन सांगायची गरजही पडली नाही.

गिटारच्या मंडळींना डी-जी-डी-जी-सी-डी अनोळखी नाही, हे मला माहीत आहे. माझ्या वहीत मात्र ती 'पाडव्याची जुळवणी' म्हणूनच राहील.

१३ एप्रिल

भूपाचा प्रश्न उरला होता, कारण मध्यमाची तार भूपात नको. उत्तर सोपं निघालं. दुसरी तार 'सी'वरून 'ए'वर उतरवायची, तो आईचा रिषभ. भूपासाठी प, सा, प, सा, रे, प. भीमपलासासाठी ती पुन्हा 'सी'. म्हणजे सबंध भजनात एकच खुंटी हलवायची. मधला 'बी', तो चढा गंधार, दोन्ही वेळा वाटेत लागतो आणि मागे पडतो.

या तारेचा ताण 'ए'वर ८.४ किलो आणि 'सी'वर ११.९ किलो, १६ नंबरची तार धरून. तुटेल का अशी भीती होती. पण साध्या पोलादी तारेच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: लांबी तीच असेल तर ती किती उंच सुराला तुटेल हे जाडीवर अवलंबून नसतं. जाड तारेला ताण जास्त लागतो आणि ती तेवढाच जास्त सोसते. पहिली तार 'ई' सोसते, तर दुसरीला त्याच्या दोन सूर खालचा 'सी' जड नाही.

सैल तारांची भणभण मात्र घालवायला हवी होती. सहावी आणि पाचवी जरा जोरात छेडली की पडद्यांवर आपटतात. पूर्ण जाड संच घातला तर दुसरी तार 'सी'वर फार कडक होते. म्हणून मिसळ केली: पहिली १३, दुसरी १६, तिसरी २४, चौथी ३२, पाचवी ४५, सहावी ५६. पहिली 'डी'वर आता ९.९ किलोला येते, हाताला नेहमीसारखी लागते.

दुसरी तार खुंटी फिरवताना नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत अडकून 'टिंग' करायची आणि एकदम उडी मारायची. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं. आता गुळगुळीत सरकते. खुंटीवर आईच्या नखरंगाचे दोन ठिपके दिले आहेत, एक रिषभाचा, एक मध्यमाचा. ठिपक्यावर आणायचं आणि उरलेलं कानाने.

१८ मे

मिरज. मामाकडे दोन दिवस राहिले, खरं काम सतारमेकर गल्लीत होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीत गेलं की ते कागदाचं नाव विसरायला होतं. ओळीने टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, आणि कुठून तरी सतत एक तार जुळत असलेली.

आईचा तंबोरा बरोबर नेला होता. कारागीर चाचांनी तड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "होईल ताई, पण घाई करू नका. दिवाळीपर्यंत ठेवा." भोपळा पंढरपूरच्या बाजूचाच असणार म्हणाले, तिकडून येतात.

मग गिटार काढली. मला तिला जवारी, म्हणजे तंबोऱ्यासारखं गुंजन, हवी होती. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावर निसटती घासत कंप पावते आणि वरचे उपस्वर उमलतात. खाली सूत सरकवून ती जागा नेमकी सापडवायची. गिटारच्या सॅडलला, म्हणजे घोडीवरच्या पट्टीला, माथ्यावर धार असते, तार तिथून सरळ सुटते. चाचांनी सॅडल उपसून हातात घेतली, आणि तीन मिलिमीटरच्या त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. "एवढ्याशा जागेत जवारी कुठं बसवू?"

तरी त्यांनी करून दिली. हाडाची नवी सॅडल घडवली आणि पाचव्या व तिसऱ्या तारेखाली, म्हणजे दोन्ही षड्जांखाली, तिचा माथा आवाजाच्या भोकाकडे आठेक मिलिमीटर पुढे काढला. कानसने एकदा घासायचं, तार चढवायची, कान लावायचा, उतरवायची, पुन्हा घासायचं. तीन तास. या तीन तासांत ते माझ्याशी क्वचितच बोलले आणि मीही मध्ये बोलले नाही. पैसे विचारले तर तंबोऱ्याबरोबर बघू म्हणाले.

१ जून

जवारीचा निकाल. पाचव्या तारेवर नीट होत नाही. ती गुंडाळलेली तार आहे, तिचे वेढे हाडावर घासतात आणि गुंजनाऐवजी खरखर येते. तिसरी, २४ नंबरची, तीही गुंडाळलेलीच, तिथेही तेच.

दोन दिवस विचार करून तिसरी तार बदलली. गुंडाळलेली काढून २० नंबरची साधी पोलादी तार घातली. 'जी'वर तिचा ताण १०.४ किलो येतो, पहिल्या दोघींच्या जवळपास. शिवणाच्या डब्यातलं पांढरं सूत तिच्याखाली घातलं आणि केसाएवढं केसाएवढं सरकवत नेलं. एका जागी तार अचानक उघडली. मधला षड्ज लांबत गेला, आणि त्याच्या शेपटाला काय काय ऐकू यायला लागलं: पंचम, वरचा षड्ज, आणि बराच वेळाने, अगदी बारीक, गंधार. तोच स्वयंभू गंधार, ३८६ सेंटवरचा. मी तारेवरून काढून टाकलेला गंधार षड्जाच्या पोटातून परत आला.

आईला बोलावलं. काही न सांगता फक्त तिसरी तार छेडत राहिले. तिने डोळे मिटले आणि सरळ गंधारावरच आवाज लावला.

किंमतही लिहून ठेवते. पुढे आलेल्या माथ्यामुळे त्या तारेची लांबी बदलली, म्हणून पडद्यावर दाबली तर बेसूर होते. तिसरी तार आता फक्त मोकळी वाजवायची. माझी पंचवीस वर्षांची सवय असलेले बहुतेक कॉर्ड या गिटारवर आता होणार नाहीत. ते मला मान्य आहे. पाचव्या तारेखालचा माथा मात्र परत धारेवर आणला, खर्ज स्वच्छच बरा.

२२ जून

पाऊस. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या. हवेत ओल आहे, गिटारचं पोट फुगलं आहे, तारा पडद्यांपासून वर उठल्या आहेत. मोकळ्या तारांवर वाजवायचं असल्याने बोटांना फारसा फरक पडत नाही, पण जवारी मिटली. माथा हलला की सुताची जागाही हलते. गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. सूत रोज नव्याने लावावं लागतं, हे आता तंबोऱ्यासारखंच धरून चालायचं.

६ जुलै, आषाढी

देवळातल्या सभागृहात मंडळाचं भजन. अकरा बायका, टाळ, पखवाज, आणि मी मागे डाव्या हाताला. पेटीच्या जागी गिटार बघून दोघी-तिघींनी आईकडे प्रश्नार्थक पाहिलं. आईने काही उत्तर दिलं नाही, षड्ज लावला.

पहिली भूपातली चीज, दुसरी तार रिषभावर. तिच्यानंतर नामघोष चालू असताना खुंटी दुसऱ्या ठिपक्यावर नेली. ताणलेली तार पहिल्या मिनिटात थोडी उतरते हे सरावात कळलं होतं, म्हणून किंचित वर नेऊन बोटाने ओढून सोडली. भीमपलास सुरू झाला तेव्हा मध्यम जागेवर होता.

टाळांच्या आवाजात जवारी फारशी ऐकू आली नसणार. माझ्या शेजारच्या आजींना मात्र आली. भजन संपल्यावर त्यांनी गिटारच्या पोटाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "हिच्यात तंबोरा बसवलाय का गं?"

काकूंना रात्री ध्वनिमुद्रण पाठवलं. त्यांचं उत्तर: "खर्ज जरा कमी छेड. पखवाजाच्या डग्याला आडवा येतोय." बरोबर आहे. पुढच्या वेळी सहावी तार अंगठ्याच्या मांसल भागाने.

१० ऑगस्ट

आई आठ दिवस खोकल्याने बेजार होती. आज बसली आणि म्हणाली, "अर्धा सूर खाली घे. काळी तीन." घेतला. सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या, जुळवणी तीच, नखरंगाचे ठिपके सरकले. ती वीस मिनिटं गायली, गंधारावर नेहमीसारखी थांबली.

सहावी तार आता पुन्हा भणभणते आहे. अर्धा सूर उतरल्यावर ताण ८९ टक्क्यांवर येतो. ५६च्या जागी ५९ नंबरची तार घातली तर तो जवळपास पूर्वीइतका होईल. ५९ची सुटी तार लक्ष्मी रोडच्या बाजूला कुठे मिळते का, उद्या बघायचं आहे. खाच रुंद करावी लागेल, ते काम घरीच बारीक कानसने.